विसेन्ताच्या लेकाची टोकण

मुखिया प्लासिदो कुकुल आणि क्रिसान्तो इकाल असे दोघं मिळून कुणाच्या दारात आले, की साकहा गावातला माणूस आधी आपलं डुक्कर जागेवर आहे का ते बघे. प्लासिदोकडे गावचा न्यायनिवाडा आणि क्रिसान्तोकडे पाणी समिती. दोघं एकत्र आले म्हणजे तक्रार ठरलेली. म्हणून नोव्हेंबरातल्या त्या संध्याकाळी ते आपल्या झोपडीकडे येताना दिसले, तेव्हा वीबेला आधी आठवली ती टेकडीवरची टाकी. गळती लागली वाटतं, असं म्हणत त्यानं पान्हा हातात घेतलासुद्धा.

पण पाहुणे टाकीबद्दल काही बोलेनात. ते आत आले, बाकावर बसले, वीबेनं दिलेली कॉफी फुंकर मारमारून प्यायले. नदी उतरलीय. क्रिसान्तोच्या कोंबड्या हल्ली कुठे अंडी घालतात कळत नाही. प्लासिदोच्या मेहुण्याचं लग्न पुन्हा मोडलं. साकहात कामाचं बोलणं कॉफी संपेपर्यंत काढत नाहीत, हे वीबेला दोन वर्षांत कळलं होतं, पण कळणं वेगळं आणि सोसणं वेगळं. तो मूळचा फ्रीसलँडचा, पार उत्तरेकडच्या सपाट, वाऱ्याच्या मुलखातला. तिकडे माणूस दारात उभ्याउभ्या काय ते सांगतो आणि सायकलवर टांग टाकून निघून जातो.

शेवटी क्रिसान्तोनं पेला खाली ठेवला.

"कावा वीबे," तो म्हणाला. तिथे वडीलधाऱ्या माणसाला कावा म्हणतात आणि बाईला काना. "तुमच्यामुळे सगळं गाव अडकलंय."

"पाणी येत नाही?"

"पाणी येतंय की. धो धो येतंय. पाण्याचं नाही, टोकणीचं बोलतोय मी."

वीबे साकहात आला होता तो गावाला नळ घालून द्यायला. जन्म गोठ्यात आणि उभं आयुष्य नळ जोडण्यात गेलेला हा माणूस साठी उलटल्यावर, बायको वारल्यावर, स्वयंसेवक म्हणून इथे येऊन पोचला. वरच्या झऱ्यापासून गावापर्यंत पाइप टाकायचे होते. पण पाइप घेऊन येणारं जहाज या बंदरातून त्या बंदरात भटकत राहिलं आणि वीबे नुसता बसून राहिला. नुसतं बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. शेजारच्या क्रिसान्तोकडे मक्याची टोकण होती. वीबे टोकणकाठी घेऊन ओळीच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

साकहात मका कुणी एकट्यानं पेरत नाही. आज सगळे क्रिसान्तोच्या शेतात, परवा लोरेन्सोच्या, त्यानंतर आणखी कुणाच्या. तुम्ही ज्याच्याकडे गेलात तो तुमच्याकडे येणार, अशी ती सावड. वीबेला सावडीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला हातांना काम हवं होतं. बोलावलं तिथे तो जाई, न बोलावता पण जाई. उंच माणूस, वाकून वाकून कंबर धरायची. ओळ वाकडी जायची. एका भोकात तीन दाणे पडले तर दुसऱ्यात नऊ. त्यात त्यांच्या बोलीत कोंबडीला आणि परदेशी माणसाला एकच शब्द, काश्लान. लोरेन्सो मकिन हा गावातला सगळ्यात वात्रट माणूस, तो वीबे दिसला रे दिसला की ओरडे, "दाणे झाका रे, काश्लान शिरली शेतात!" ओळीतली सगळी माणसं खो खो हसत आणि वीबेही हसे. पुढे पाइप आले, नळ झाले, तरी त्यानं टोकणीला जाणं काही सोडलं नाही.

"तुम्ही आता जानेवारीत जाणार," प्लासिदो म्हणाला. "आणि इथला निम्मा गाव तुमच्या सावडीचा देणेकरी."

वीबेनं सुटकेचा श्वास सोडला आणि हसून हात झटकला. "एवढंच ना? मला काही नको. विसरून जा."

प्लासिदो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. एवढ्यात कुडाच्या पलीकडून, कोंबडीची पिसं काढता काढता, क्रिसान्तोच्या बायकोचा, फिदेलियाचा आवाज आला.

"म्हणजे काय, आम्हाला भीक घातलीत का?"

"फिदेलिया!" क्रिसान्तो म्हणाला.

"फिदेलिया काय? मी कान बंद करून बसू? यांनी आमच्या शेतात घाम गाळायचा, आणि आम्ही यांच्यासाठी काठी उचलायची नाही? उद्या लोक म्हणतील, साकहाची माणसं खाऊन हात पुसून मोकळी झाली."

वीबेला एकदम आपला बाप आठवला. कुणाचं घ्यायचं नाही, हा त्याच्या बापाचा धर्म होता. एका उन्हाळ्यात त्याची पाठ कामातून गेली, तरी सगळं गवत त्यानं एकट्यानं कापलं. शेजारी दाताळी घेऊन कुंपणापाशी येऊन उभे राहिले होते. बापानं लांबूनच हात केला, चाललंय माझं. थोडा वेळ उभे राहून ते परत गेले. पुढच्या हिवाळ्यात गाई विकाव्या लागल्या. त्यानंतर ते शेजारी घरी कधी आले नाहीत, आणि लहानग्या वीबेला त्याचं कारण कुणी सांगितलं नाही.

"पण माझ्याकडे शेत कुठंय?" तो म्हणाला.

प्लासिदोचा चेहरा उजळला. हाच प्रश्न ऐकायला तो आला होता.

"काना विसेन्ताकडे आहे."

काना विसेन्ता नदीकाठी राहायची. उंची वीबेच्या कोपरापर्यंत, आवाज मात्र पलीकडच्या काठापर्यंत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगा पुंता गोर्दा शहरातल्या हॉटेलात, दुसरा कुठल्याशा बोटीवर. नवऱ्याचा नदीकाठचा काळ्या मातीचा तुकडा वेलींखाली झाकून पडला होता. तिच्याकडे शेत होतं आणि पेरायला माणूस नव्हता. वीबेकडे माणसं होती आणि शेत नव्हतं. प्लासिदोनं हे जमवून आणायला किती रात्री विचार केला असेल कोण जाणे. दुसऱ्या दिवशी तिघं तिच्या अंगणात जाऊन उभे राहिले, तेव्हा त्याच्या तोंडावर सोयरीक जुळवणाऱ्या माणसाची ऐट होती.

विसेन्ता पाट्यावर उकडलेला मका वाटत होती. तिनं वरवंटा न थांबवता सगळं ऐकून घेतलं.

"मका माझ्या घरात येणार," ती म्हणाली.

"येऊ दे," वीबे म्हणाला.

"रस्सा मी करणार. फिदेलियाला हात लावू देणार नाही. ती मिरची मोजून घालते."

"बरं."

"आणि आई मी."

वीबेला वाटलं आपण शब्द चुकीचा ऐकला. "आई कुणाची?"

"तुझी, आणखी कुणाची? रस्सा एकटीनं होतो का? भाकऱ्या थापायला घरघरच्या बाया लागतात. बायांना बाईनंच बोलवावं लागतं. तुला बायको नाही, बहीण समुद्रापलीकडे. मग राहिलं कोण?"

"काना विसेन्ता, मी चौसष्ट वर्षांचा आहे."

"मी लवकर बाळंत झाले होते असं समज," विसेन्ता म्हणाली आणि पाट्यावर पाणी शिंपडलं. "जा आता. वेली कापायला घे. आणि जाळू नको हो, तिथंच कुजू दे. नदीकाठच्या मक्याला तेच पांघरूण लागतं."

क्रिसान्तो आणि वीबे यांनी कोयते लावून वेली आडव्या केल्या. त्यांचा गुडघाभर थर जमिनीवर पसरला, त्याला ओला, आंबूस वास येऊ लागला. मग निमंत्रणाची पाळी आली. टोकणीचं आमंत्रण यजमानानं स्वतः घरोघर जाऊन द्यायचं असतं. वीबे संध्याकाळी केस विंचरून बाहेर पडला. सुरुवात लोरेन्सोपासून केली, म्हणजे अवघड ते आधी उरकेल.

"पुढच्या बुधवारी माझी टोकण आहे. येशील का?" त्यानं दारातूनच विचारलं.

लोरेन्सो झुल्यात पडला होता. त्यानं आढ्याकडे पाहिलं. "बघू," तो म्हणाला.

पुढच्या घरीही बघू. त्याच्या पुढच्या घरीही. अर्ध्या तासात सहा घरं करून वीबे तोंड पाडून विसेन्ताच्या अंगणात परतला.

"कुणी येत नाही."

"लोरेन्सोकडे बसलास?"

"नाही."

"काय प्यायलास?"

"काही नाही. मी दारातूनच..."

"मग तू गेलाच नाहीस," विसेन्ता म्हणाली. "कुणीतरी वाट चुकून दारात आलं होतं, एवढंच त्यांना वाटलं असणार. जा परत."

वीबे परत गेला. या वेळी लोरेन्सोच्या झुल्यासमोरच्या ठोकळ्यावर बसला. लोरेन्सोच्या बायकोनं भोपळ्याच्या कटोऱ्यात मक्याची पातळ, गरम पेज दिली. ती तो प्यायला. आणखी दिली, तीही प्यायला. लोरेन्सोच्या गुडघ्याबद्दल बोलणं झालं, मग वीबेच्या गुडघ्याबद्दल. नदीतल्या माशांबद्दल झालं. वीबेला आता कुठे विषय काढावा ते कळेना. दोन वेळा त्यानं घसा खाकरला आणि दोन्ही वेळा माशांवरच घसरला. शेवटी चुलीपाशी बसलेली लोरेन्सोची बायको उठून उभी राहिली.

"कावा वीबे, विचारा हो एकदाचं! पोरं उपाशी झोपतील."

"पुढच्या बुधवारी," वीबे घाईघाईनं म्हणाला, "माझी टोकण आहे."

"अरेच्चा!" लोरेन्सो जसं काही पहिल्यांदाच ऐकत होता. "येतो की! पण एक सांगून ठेवतो. जेवायला डुक्कर हवं. कोंबडी चालणार नाही."

"का?"

"ओळखीची माणसं मी खात नाही."

सगळी घरं व्हायला आठवडा लागला. त्या आठवड्यात वीबे इतकी पेज प्यायला, की चालताना पोटात डुचमळायची. वर विसेन्तानं त्याला यजमानाचे नियम ऐकवले. टोकणीपर्यंत खोटं बोलायचं नाही. बाईच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. आणि रागवायचं तर अजिबात नाही.

"दुसरा नियम तुला फुकटच पडला," तिथंच बसलेला लोरेन्सो म्हणाला.

"तिसरा अवघड जाणार त्याला," विसेन्ता म्हणाली. "पाइपाशी बोलताना ऐकलंय मी याला. हे बघ पोरा, बियाणं सगळं ऐकत असतं. यजमान चिडला की कणसात दाणे भरत नाहीत. हसत राहा."

आणि नेमकं टोकणीच्या आदल्या दिवशी डुक्कर सुटलं.

वीबेनं ते लोरेन्सोकडूनच आणलं होतं. काळं, गुबगुबीत आणि मालकासारखंच वात्रट. विसेन्ताच्या अंगणात पेरूच्या झाडाला बांधलं होतं. सकाळी दोर तिथेच होता आणि डुक्कर गावात होतं. ते आधी फिदेलियाच्या चुलीवरून गेलं. मग शाळेतून गेलं, त्यामुळे शाळा आपोआप सुटली. मागून पोरं, पोरांमागून कुत्री, कुत्र्यांमागून बाया झाडू घेऊन, आणि सगळ्यांच्या मागे वीबे, लांब टांगा टाकत, दात दाखवत.

"हसतोय ना?" विसेन्ता अंगणातून ओरडली.

"हसतोय!" वीबे दातांतून ओरडला.

प्लासिदोनं चर्चपाशी वाट अडवली. डुक्कर त्याच्या दोन पायांमध्ये शिरलं आणि मुखिया डुकराच्या पाठीवर उलटा बसून काही पावलं मिरवला आणि आपटला. तिथून ते सरळ चौकातल्या नळावर जाऊन आदळलं. वीबेनं स्वतःच्या हातांनी बसवलेला, स्वतःच्या हातांनी रंगवलेला नळ. खाड्कन आवाज झाला, तोटी उडाली आणि पाण्याचा फवारा थेट नारळाच्या झावळ्यांपर्यंत गेला.

सगळ्यांनी वीबेकडे पाहिलं.

वीबेचा चेहरा लाल झाला. कपाळावरची शीर तट्ट फुगली. फ्रीसलँडच्या गोठ्यांत पिढ्यान् पिढ्या जमा झालेल्या सगळ्या शिव्या त्याच्या जिभेच्या टोकाला येऊन उभ्या राहिल्या. त्यानं डोळे मिटले. मग फार गोड, फार बारीक आवाजात तो म्हणाला, "किती छान पाणी येतंय."

सगळा गाव हसत सुटला. आणि डुक्कर? एवढं पाणी, एवढा चिखल बघून डुकराला धावायचं कारणच उरलं नाही. नळाखाली तयार झालेल्या डबक्यात ते आडवं झालं, डोळे बारीक केले आणि सुखानं घुर्र केलं. लोरेन्सोनं सावकाश जाऊन त्याच्या पायाला दोर बांधला.

"शहाणं आहे माझं," तो म्हणाला. "आंघोळ करून यायचं होतं त्याला."

तोटी बसवायला वीबेला दुपार झाली. चिखलात उताणा पडून पान्हा फिरवताना तो खरोखरच हसायला लागला, एकटाच, पोट धरून. नियमासाठी नव्हे. प्लासिदोचं उलटं बसणं त्याला पुन्हा पुन्हा आठवत होतं.

बुधवारी सकाळी नदीवर धुकं होतं. माणसं एकेक करून येत होती, खांद्याला बियाण्याची झोळी, हातात टोक काढलेली काठी. शेताच्या मधोमध विसेन्तानं मातीच्या भांड्यात धूप पेटवला होता. प्लासिदोनं टोपी काढली आणि डोंगराकडे तोंड करून नेहमीचं मागणं मागितलं, की बाबा, तुझ्या अंगावर भोकं पाडतोय, रागावू नको, पाखरांना थोडं दे पण आम्हाला जास्त दे. त्याचं संपतंय न संपतंय तोवर विसेन्ता पुढे सरकली.

"आणि हा उंच दिसतो ना," ती डोंगराला म्हणाली, "हा लांबचा आहे. पण माझा आहे. ओळखून ठेव."

वीबे काठी उचलायला वाकला, तर लोरेन्सोनं काठीवर पाय ठेवला.

"तू नाही."

"का?"

"आज तू मालक. मालकानं फक्त बियाणं वाटत फिरायचं. तुझ्या आईच्या शेतात वाकड्या ओळी कशाला?"

माणसं रांगेत उभी राहिली. कुणी इशारा दिला नाही, तरी सगळ्या काठ्या एकदम खाली गेल्या. कुजलेल्या पानांच्या थरातून काठी आत जाताना खच् असा ओला आवाज व्हायचा. मग मनगटाचा एक झटका, दाणे भोकात, पुढचं पाऊल. खच्, खच्, खच्. रांग शेतावरून अशी पुढे सरकत होती, जशी कुणी चटई उलगडत न्यावी. वीबे टोपलीतून बियाणं घेऊन रिकाम्या झोळ्यांमागे धावत होता. झोळ्या भरलेल्या असल्या की त्याला काही कामच नव्हतं. तो बांधावर उभा राही आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नसे. खिशात घातले, पाठीमागे बांधले, पुन्हा काढले.

इतकी माणसं आपल्यासाठी वाकलीत, आणि आपण उभे. आयुष्यात त्याच्यावर अशी वेळ कधी आली नव्हती. आधी त्याला लाज वाटली. 'राहू दे, चाललंय माझं,' असं ओरडावंसं वाटलं. ते शब्द त्याच्या बापाचे होते हे लक्षात येऊन तो गप्प राहिला. क्रिसान्तोनं मान वर करून घाम पुसला, वीबेकडे पाहून दात काढले आणि पुन्हा वाकला. त्या हसण्यात उपकार नव्हते की ओझं नव्हतं. शेजारच्याच्या शेतात आलेल्या माणसाचं साधं हसणं होतं ते. वीबे मान खाली घालून उगाच टोपलीतलं बियाणं खालीवर करू लागला.

"काश्लान रडतेय रे!" लोरेन्सो लांबून ओरडला.

"धूप डोळ्यांत गेला!" वीबे ओरडला.

"खोटं बोलायचं नाही! नियम आहे!"

"मग रडतोय!" वीबे म्हणाला. सगळी रांग हसली, आणि काठ्या पुन्हा खाली गेल्या.

ऊन तापायच्या आत शेत संपलं. विसेन्ताच्या अंगणात फळ्यांची लांबच लांब बाकं मांडली होती. आतून थापण्याचे आवाज येत होते, पंधरा-वीस बाया भाकऱ्या करत होत्या आणि त्यांच्या मधोमध विसेन्ता मोठ्या डावानं रस्सा ढवळत सगळ्यांना कामं सांगत होती. फिदेलियाला तिनं मुद्दाम मिरच्यांपासून सगळ्यात लांब बसवलं होतं. यजमानानं प्रत्येकाला स्वतः वाढायचं. वीबेनं लाल, तिखट रश्श्याचा एकेक कटोरा दोन्ही हातांनी नेला. डुकराचे मोठमोठे तुकडे, पानात बांधून उकडलेल्या मक्याच्या उंड्या, कोकोचं फेसाळ पेय. प्रत्येकजण कटोरा घेताना म्हणे, "कावा वीबे, झालं हं काम." आणि वीबे शिकवल्याप्रमाणे म्हणे, "झालं बाबा, तुमच्यामुळे."

सगळ्यात शेवटी त्याला खायला मिळालं. पहिल्या घासालाच डोळ्यांतून पाणी आलं.

"हे मात्र मिरचीचं आहे," तो लोरेन्सोला आधीच सांगून मोकळा झाला.

जेवणं झाली, माणसं हात धुऊन उठू लागली. वीबेला हलकं हलकं वाटत होतं. देणंघेणं मिटलं, आता सुखानं निघायला हरकत नाही, असं तो मनात म्हणत होता. तेवढ्यात नदीपलीकडच्या वस्तीवरचे तिघे भाऊ त्याच्यापाशी आले. सकाळभर ओळीच्या पार टोकाला काम करत होते, वीबेनं त्यांना नीट पाहिलंही नव्हतं.

"येतो मग," थोरला म्हणाला. "मे महिन्यात आमची टोकण."

ते निघून गेले. वीबेनं क्रिसान्तोला बाजूला घेतलं.

"यांच्या शेतावर मी कधीच गेलो नव्हतो."

"नव्हता."

"मी यांना बोलावलंही नव्हतं."

"मी बोलावलं," क्रिसान्तो शांतपणे म्हणाला.

"अरे पण आता मी यांचा देणेकरी झालो!"

"हो ना," क्रिसान्तो दात कोरत म्हणाला. "प्लासिदो म्हणाला, सगळं फिटलं तर माणूस परत कशाला येईल?"

वीबेनं अंगणात बघितलं. मुखिया प्लासिदो कालच्या आपटण्यामुळे उशीवर बसला होता आणि कोको पिता पिता ढगांकडे बघत होता, जणू त्याचा या कशाशी संबंधच नाही.

जानेवारीत वीबे गेला. जाताना विसेन्तानं त्याला बजावलं, की मार्चमध्ये मका निघेल, तो मी ठेवीन, पण लेक असून लोकांना बोलवून कणसं सोलावी लागली, हे मी गावात सांगत फिरणार. आणि ती खरोखरच फिरली. कणसं हातभर लांब आली होती, दाण्यांनी गच्च भरलेली. ती प्रत्येकाला एक कणीस दाखवायची आणि म्हणायची, चिडला नाही ना पोरगा, म्हणून.

मेच्या पहिल्या आठवड्यात बाजारच्या बसमधून वीबे उतरला. नव्या बुटांत, उन्हानं आधीच लाल झालेला, काखेत गोणपाटात गुंडाळलेली एक गोल, जड वस्तू. लोरेन्सो रस्त्यावरच भेटला. त्यानं टोपी काढली आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडला, "दाणे झाका रे!"

विसेन्ता दारात बसली होती. तिनं वीबेला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"बारीक झालास. तिकडे कुणी खायला घालत नाही का?"

वीबेनं गोणपाट सोडलं. आत गाडीच्या चाकाएवढं चीज होतं, त्याच्या गावचं, लवंगा घातलेलं. विमानात, बोटीत आणि बसमध्ये त्याच्या वासावरून त्याला बरीच बोलणी खावी लागली होती. फिदेलिया आली, प्लासिदो आला, सगळे त्याभोवती जमले. फिदेलियाला तो साबण वाटला. विसेन्तानं सुरीनं एक तुकडा कापला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, वीबे सगळ्यांत जास्त.

"लवंग चांगली आहे," ती शेवटी म्हणाली. "बाकीचं डुकरांना घालू."